उसाला सीवीडची फवारणी, खरंच फरक पडतो का?

वाळवा_शेती: राम राम मंडळी. ८६०३२ जातीचा खोडवा आहे, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस, साडेचार फुटी सरी, तुटून दोन महिने होत आले. युरिया आणायला गेलो तर दुकानदाराने लिंकिंगमध्ये सीवीडची (समुद्री शेवाळाच्या अर्काची) लिटरची बाटली गळ्यात मारली, त्याशिवाय युरिया देईना. आता आणलीच आहे तर मारू का? की मोठ्या भरणीनंतर, बुडाला माती चढवून झाल्यावर मारलेली बरी?

कृष्णाकाठ: भरणीनंतर कशाला? तेव्हा ऊस डोक्याच्या वर जातो, पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, मग ड्रोनच बघायचा. शिवाय सीवीडमध्ये सायटोकायनिन, ऑक्झिन ही वाढीची संजीवकं असतात, त्यांचा उपयोग मुळ्या आणि फुटव्याला, आणि फुटवे आत्ताच निघतायत की. आत्ता एक हात आणि महिनाभराने दुसरा, सकाळी ऊन चढायच्या आत, सोबत स्टिकर घे नाहीतर पानावरून सगळं घरंगळतं. तणनाशक मारायचं असेल तर त्यात मिसळू नकोस, मध्ये चार दिवस जाऊ देत.

पाटील_खोडवा: आधी बाटली उलटी करून मागचं वाच रे. काळं पाणी दिसलं म्हणजे सीवीड असं नसतं, ह्युमिक ॲसिड पण काळंच. २०२१ पासून ही बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी औषधं, खत नियंत्रण आदेशात घेतलीत, त्यामुळे लेबलवर घटक किती टक्के ते असायला पाहिजे, डोसपण तिथलाच धर. नुसतं "उत्पादन वाढवते" आणि उसाचा फोटो एवढंच असेल तर ती बांधावर ओत. आणि पक्कं बिल घे, लिंकिंगची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करता येते, आपण गप्प बसतो म्हणून तर यांचं फावतंय.

वाळवा_शेती: लेबलवर कापाफायकस लिहिलंय, हे काय असतं?

पाटील_खोडवा: लाल शेवाळ, तमिळनाडूत रामेश्वरम मंडपमकडे समुद्रात तराफ्यावर लावतात. ताजं दाबून जो रस निघतो तो फवारणीला वापरायचा ही पद्धत भावनगरच्या सरकारी संस्थेने बसवली. पालाश (पोटॅश) बऱ्यापैकी असतं त्यात, पण फवारणीतून जाणार किती, म्हणून पोटॅशची गोणी बंद करू नकोस.

कृष्णाकाठ: हेच म्हणणार होतो. आमच्याकडे लोक शेणखत नाही, पाचट पेटवून मोकळे, बुडखे छाटलेले नाहीत आणि वरून दर पंधरा दिवसाला टॉनिक. उसाला फेस येईल पण वजन नाही यायचं 😀

आणि एक कर, मधल्या चार सऱ्या कोऱ्या सोड, नुसतं पाणी मार. बांधाच्या कडेच्या नको, तिथला ऊस तसाही जोरात असतो. मोठ्या भरणीनंतर दोन्हीकडे दहा-दहा फूट टेप लावून पक्के ऊस मोज. एकरी ४० हजार ऊस पाहिजे म्हटलं तर साडेचार फुटीत दहा फुटाला ४१-४२ भरायला हवेत. दोन्हीकडे सारखेच भरले तर पुढच्या वर्षी बाटलीचे पैसे वाचले.

वाळवा_शेती: बरं, रविवारी मारतो. सऱ्यांना काठी रोवून खूण करतो, आकडे आले की इथेच टाकतो.