उन्हाळ्यात स्वयंपाक गच्चीवर: घर थंड राहतं, पटतंय का?

गच्चीवाला (जुळे सोलापूर)
वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब. ४२-४३ अंशाला कुलर कसाबसा तग धरतो आणि संध्याकाळी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की त्याचाही दम जातो. आपली हवा कोरडी म्हणून कुलर चालतो. वरणभाताची वाफ घरात कोंडली की तो नुसता दमट वारा फेकतो. म्हणून यंदा कोळशाचं बार्बेक्यू आणलं. साडेसातला गच्चीवर पेटवतो. वांगी, कणसं, पनीर, रविवारी चिकन. गॅसच्या शेगडीला मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते, म्हणजे उरलेली आच ओट्याभोवतीच. भांड्यात शिरलेली तरी कुठं जाते? वाफ होऊन घरातच. माझं मत, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात घरात आच पेटवूच नये.

पत्र्याखालची (पूर्व भाग)
काय ओ! माझी आई विड्या वळायची आणि उरलेल्या वेळात दारातल्या चुलीपुढं खोकायची. आमच्याकडं सिलिंडर आला तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. तुम्ही तीच चूल चाकं लावून विकत आणलीत. आणि गच्ची असेल तर हे सगळं. आमच्या बोळात दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. निखारे कुठं ठेवू, डोक्यावर?

गच्चीवाला
बोळाचं मान्य. पण चूल आणि हे एक नाही. कोळशावर पांढरी राख धरली की धूर जवळजवळ नसतो.

वायरमन_बे
धूर दिसत नाही, हीच तर भानगड आहे बे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. माझ्या ओळखीच्या घरी वारा सुटला म्हणून असली शेगडी गॅलरीत घेतली आणि काचा ओढल्या. पोरांना मळमळायला लागलं, डोकी गरगरली, म्हणून कळलं तरी. मे महिन्यात वळीव कधी येईल सांगता येत नाही, दोन थेंब पडले की तुम्हीही ती आत ओढणार. त्यापेक्षा इंडक्शन घ्या. त्यात भांडंच तापतं, भोवतीची हवा गॅसइतकी तापत नाही. (लाइट गेली की उपाशी, हे खरं.)

मंगळवेढ्याची_लेक
पनीर, कणसं ठीक. भात, आमटी, भाकरी कुठं झाली ते लिहिलंच नाही. आतच ना?

आमच्याकडं कडक भाकरी आठवड्यातून दोनदा. पहाटे पाचला अंगणात चूल, मालदांडी ज्वारीचं पीठ, पातळ थापायची, भाजून झाली की निखाऱ्याच्या कडेला उभी करून खडखडीत वाळवायची. ओल पुरती गेली तर आठ दिवस वास येत नाही. दुपारी दही, शेंगाचटणी, कांदा. रात्री सकाळच्याच आमटीत चुरून. संध्याकाळी काही पेटवायचंच नाही, तर घर तापेल कशानं?

गच्चीवाला
पकडलंत. कुकर खालीच लागतो.

पत्र्याखालची
आणि पहाटे पाचला थापणार कोण, तेही लिहा की.

मंगळवेढ्याची_लेक
मी थापते, नवरा भाजतो. निम्म्या करपवतो. त्या त्याच्याच ताटात जातात.