ट्रॅकवरची रेसिंग आणि जुन्या बंदुकांचा संग्रह: हौस म्हणून चालू द्यावं की बंद करावं?

घोडबंदरी
आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोड, ठाणे) सध्या दोन माणसांवरून वाद पेटलाय. एक तिशीतला मुलगा आहे, आयटीत नोकरी, सुट्ट्या साठवतो आणि बाईक ट्रान्सपोर्टने चेन्नईला पाठवून तिथल्या ट्रॅकवर हौशी गटात रेस करतो. दुसरे वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्याकडे पणजोबांची एक तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) आणि एक ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आहे, दोन्ही पार निकामी, आणि वडिलांची एक डबल बॅरल बारा बोर, ती रीतसर लायसनवर. मीटिंगमध्ये काही मेंबर म्हणाले की दोघांनाही लेखी द्या, हे प्रकार सोसायटीत नकोत.

मला हे अजिबात पटलेलं नाही. ज्या माणसाला वेगाची आवड आहे आणि तो ती रस्त्यावर न भागवता तेराशे किलोमीटर लांब जाऊन भागवतो, त्याला आपण गुन्हेगाराच्या रांगेत उभं करतोय. आणि काकांच्या बंदुकांची पोलिसांकडे नोंद आहे, जितकी आपल्या कुणाच्याच किचनमधल्या सिलेंडरची नसेल. धोका हौसेत नसतो, ती कुठे आणि कुठल्या शिस्तीत करता यात असतो. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी चालेल, पण कारण द्या.

पामबीचवाली
कारण देते. मी नवी मुंबईत नेरूळला पाम बीच रोडच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहते. शनिवारी रात्री बारानंतर खिडकी उघडी ठेवता येत नाही, सायलेन्सर काढलेल्या बाईक एकामागून एक जातात, लहान बाळं दचकून उठतात, आणि मग कधीतरी तो आवाज मध्येच थांबतो आणि आपण अँब्युलन्सची वाट बघत बसतो. या मुलांच्या फोनमध्ये काय असतं माहितीय? तुमच्या ट्रॅकवाल्यांचे व्हिडिओ. गुडघा जमिनीला टेकवून वळणं घेतानाचे. चेन्नईला जायचा खर्च ज्याला परवडत नाही तो ते सगळं पाम बीचवर करून बघतो. तुमचा तो मुलगा सभ्य असेल, पण तो जे चांगलं म्हणून दाखवतो त्याची किंमत आमच्या रस्त्यावर मोजली जाते.

आणि ट्रॅक सुरक्षित असतो हे तरी खरं आहे का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या त्याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत १३ वर्षांचा मुलगा पडून दगावला. तेरा वर्षांचा! त्याच वर्षी जानेवारीत कार रेसमध्ये ५९ वर्षांचे एक अनुभवी ड्रायव्हर गेले. शिस्त, हेल्मेट, डॉक्टर, सगळं होतं ना तिथे?

उशिरा_ब्रेक
ताई, त्या मुलाची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये कित्येक दिवस कुणी बाईकला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यावर वाद घालणार नाही. मोटरस्पोर्टमध्ये जीव जातो. जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो. इतक्या लहान वयात किती ताकदीची गाडी हातात द्यायची यावर कडक नियम हवेत, हे माझंही ठाम मत आहे.

पण ट्रॅक आणि पाम बीच एकच आहेत असं म्हणू नका, प्लीज. मी वाशीचा, काही वर्षं ट्रॅक करतोय. आधी स्क्रूटिनी, म्हणजे बाईकची आणि गिअरची तपासणी होते. आरसे काढायचे, हेडलाईटच्या काचेवर टेप लावायची म्हणजे फुटली तर काच पसरत नाही, ऑईलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधायचा, कूलंट काढून साधं पाणी भरायचं कारण कूलंट सांडलं की मागचा घसरतो. एकसंध लेदर सूट, पाठीचा प्रोटेक्टर, घोट्याच्या वर जाणारे बूट, यातलं एक जरी कमी असेल तर ट्रॅकवर सोडतच नाहीत. रेस करायची तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन लागतं. मग झेंडे. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की वेग कमी करून सगळे आत, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळा तुमच्या नंबरसोबत दाखवला की तुम्ही बाहेर, मग तुम्ही कोणीही असा. प्रत्येक वळणाला माणूस उभा, अँब्युलन्स तिथेच. समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं येत नाही, दुभाजक नाही, खांब नाही. पडलात तर घसरत जायला मोकळी जागा असते. पाम बीचवर पडलेला मुलगा बहुतेक वेळा घसरून मरत नाही, तो कशावर तरी आदळून मरतो.

अजून एक, जे बाहेरच्यांना कळत नाही. ट्रॅकवर गेल्यावर पहिल्याच सेशनमध्ये माणसाला कळतं की आपल्याला बाईक चालवताच येत नाही. तिथे पन्नाशीचे काका जुन्या छोट्या बाईकवर बाहेरून काढून निघून जातात. तो जो माज असतो ना, रस्त्यावर चार मित्रांत कमावलेला, तो तिथे उतरतो. मी स्वतः आता घोडबंदरला साठच्या वर जात नाही, कारण मला माहितीय की ओल्या डांबरावर त्या वेगात थांबायला किती जागा लागते.

कळवेकर
हे सगळं ठीक आहे पण पैसा? सूट, टायर, ट्रान्सपोर्ट, एंट्री, हॉटेल. बाईक ट्रॅकवर पडली तर इन्शुरन्स एक रुपया देत नाही, साध्या मोटर पॉलिसीत रेसिंग वगळलेलंच असतं. म्हणजे शिस्त ज्याला परवडते त्यालाच मिळणार आणि आमच्याकडच्या डिलिव्हरी करणाऱ्या पोराला नाही. मग पामबीचवाली ताई म्हणतात तेच खरं की.

तोडेदार
बाईकवर बरंच झालं, बंदुकांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी डोंबिवलीचा, या विषयात बरीच वर्षं आहे.

लोकांना वाटतं बंदूक जमवणारा म्हणजे गोळ्या झाडायची खुमखुमी असलेला माणूस. काकांची ती तोड्याची बंदूक नीट बघा एकदा. दस्त्याच्या कडेला एक चिमटा असतो, त्यात पेटती वात, म्हणजे तोडा. चाप दाबला की वात खाली येते, कानावरच्या (नळीच्या बाजूच्या छिद्राजवळच्या) रंजकीला, म्हणजे तिथल्या चिमूटभर दारूला लागते, रंजक पेटते आणि आग छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाते. पाऊस आला की संपलं. युरोपात ही पद्धत मागे पडून चकमकीची आली तरी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही तोडेवाल्याच बनत होत्या, कारण गावातला लोहार त्या दुरुस्त करू शकत होता आणि वात कुठेही मिळायची. जुन्या चांगल्या नळ्या बघितल्यात? लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या, त्यावर पाण्यासारखी नक्षी उमटते. असली नळी फक्त काळ्या दारूचा दाब सहन करते, आधुनिक काडतूस घातलं तर हातात फुटू शकते, म्हणून शहाणा संग्राहक त्यातून कधीच बार काढत नाही. ब्रासो पॉलिशने घासून चकचकीत करणारेही आहेत, ते बघून जीव तुटतो, तो काळसर थर गेला की बंदुकीचं वय पुसलं जातं.

आणि हा इतिहास आपल्या मानेवर बसलेला आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी गावोगावची हत्यारं काढून घेतली, १८७८ साली व्हाईसरॉय लिटनने आर्म्स अ‍ॅक्ट आणला, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. त्याविरुद्ध काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत ठराव झाले. हिंदी पलटणींनासुद्धा मुद्दाम गोऱ्या शिपायांपेक्षा एक पिढी जुनी रायफल द्यायचे. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ती बंदूक हातात घेऊन तिचं वजन खांद्याला कळणं वेगळं. ज्या घराण्यांनी त्या झडतीतून एखादी बंदूक वाचवली त्यांना तुम्ही सोसायटीचं लेटरहेड दाखवणार?

मालवणी_ठाण्यात
तोडेदार, माहिती भारी आहे, आदर आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे आणि कारण घरातलं आहे. माझं गाव सिंधुदुर्गात. आमच्याकडे ठासणीची बंदूक कपाटातली वस्तू नाही, अजून चालते. शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत, रानडुकरं भात साफ करतात म्हणून, ते मला मान्य. पण परवान्याशिवायच्याही आहेत. रात्री शिकारीला गेलेल्यांत झुडूप हललं म्हणून बार टाकला आणि पलीकडे आपलाच माणूस होता, असं आमच्या वाडीत झालंय. गेलेला माझ्या वडिलांचा मित्र होता. ती बंदूक किती जुनी होती, नळीवर नक्षी होती का, हे त्याच्या बायकोला विचारायला जाल का तुम्ही?

निकामी म्हणता, पण निकामी कोणी ठरवलं? कान बुजलाय आणि घोडा गंजलाय म्हणजे निकामी नाही, आमच्या गावचा माणूस आठवड्यात ती चालू करून देईल. इतकीच किंमत असेल तर म्युझियमला द्या. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे. तिथे सगळ्यांच्या मुलांना बघायला मिळेल, फक्त काकांच्या पाहुण्यांना नाही.

कलम_वाचा
दोन्ही बाजूंनी अंदाजावर बोलणं चाललंय म्हणून कायदा मांडतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५: जुन्या पद्धतीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं हत्यार जवळ बाळगायला कायदा लागू नाही, पण एकाच अटीवर, ते दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असेल तरच. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे मालवणींचा मुद्दा कायद्यातच आहे. गावचा लोहार जी चालू करू शकतो ती सूटमध्ये बसत नाही, तिला परवाना लागतो. 'पुरातन आहे हो' एवढं म्हणून भागत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काने आलेल्या धरून. हवेत गोळीबार करून आनंद साजरा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रेसिंगचं म्हणाल तर मोटर वाहन कायदा कलम १८९, सार्वजनिक जागी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत म्हणजे पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रॅकवरच्या रेसला हे लागू नाही. सोसायटीला यापैकी कशावरही बंदी घालायचा अधिकार नाही, तक्रार असेल तर ती पोलिसांकडे करायची.

घोडबंदरी
धन्यवाद, कमिटीला हेच दाखवतो. आता कळवेकरांच्या पैशाच्या मुद्द्यावर, कारण तो मला सगळ्यात खरा वाटतो. मोठ्या राष्ट्रीय रेस होतात ते ट्रॅक चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडात. नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, २०२३ ला बाईकची मोटोजीपी झाली, आपल्याला त्याचा काय उपयोग. सिडकोने खारघरला गोल्फ कोर्स केलाच ना? तशी एक जागा, लहानसा दोन किलोमीटरचा ट्रॅक, सेशनची फी कॉलेजच्या पोराला परवडेल अशी, पोलिसांनी पाम बीचवर पकडलेल्या मुलाला दंडासोबत तिथे प्रशिक्षणाला पाठवायचं. निदान काहीजण तरी रस्त्यावरून हटतील.

खाडीकाठचा
जागा कुठे? खाडीकडे बोट दाखवू नका म्हणजे झालं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, तरी नेरूळचा फ्लेमिंगोंचा तलाव वाचवायला लोकांना भांडावं लागलं. डोंगराकडे गेलात तर तिथे वस्ती आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. रेसच्या बाईक या मर्यादेत राहतील? हौशी लोकांच्या करमणुकीसाठी अजून एक पाणथळ गेली तर मी रस्त्यावर उतरणार.

उशिरा_ब्रेक
पाणथळीवर मलाही नकोय. तळोज्याच्या बाजूला एमआयडीसी आहे, तिथे रात्रंदिवस ट्रक असतातच, आवाजाने कुणाची झोप मोडणार नाही अशी जागा शोधली तर मिळेल. आणि ट्रॅकवर आवाजाची मर्यादा घालता येते, मीटर लावून तपासता येते, पाम बीचवर शनिवारी रात्री मीटर घेऊन कोण उभं राहतंय?

पामबीचवाली
ट्रॅक व्हायचा तेव्हा होईल, दहा वर्षं लागतील. तोपर्यंत तुम्ही ट्रॅकवाले एक करा. व्हिडिओ टाकता तेव्हा गुडघा टेकवलेला तेवढाच टाकू नका. ती स्क्रूटिनी, तारेने बांधलेला बोल्ट, काळा झेंडा दाखवून बाहेर काढलेला माणूस, पडलेल्याचा प्लास्टरमधला हात, हेही टाका. माझा मुलगा सोळाचा आहे, तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

उशिरा_ब्रेक
करतो ताई. पुढच्या वेळी स्क्रूटिनीचं पूर्ण शूट करतो. मुलगा अठराचा झाला की पहिल्या ट्रॅक डेला माझ्यासोबत पाठवा, तोपर्यंत एकदा नुसतं बघायला आणा.

पामबीचवाली
बघायलाही आणणार नाही. पण व्हिडिओ दाखवेन.

मालवणी_ठाण्यात
घोडबंदरी, एकच विचारायचं राहिलं. काकांचं वय काय? त्यांच्या पश्चात ती बारा बोर कुणाकडे जाणार? घरच्यांना माहितीय का की माणूस गेला की ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावी लागते? आमच्याकडे बंदुकी हरवतात त्या याच वेळी. म्हातारा जातो, घरचे कपाट बघतही नाहीत, आणि वर्षभराने कोणीतरी पुतण्या ती घेऊन रानात जातो.

कलम_वाचा
जाण्याची वाट बघायची गरज नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवानाधारक ७० चा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली की हयातीतच वारसाच्या नावावर परवान्याचा अर्ज करता येतो. ठाण्यात अर्ज पोलीस आयुक्तालयात.

घोडबंदरी
विचारून आलो आत्ताच. काका ७४ चे आहेत. मुलगा कॅनडात, त्याला नको आहे. मुलगी नाशिकला, ती शिक्षिका, तिला हवी आहे पण अर्ज केलेला नाही. ठासणीच्या बंदुकीचा कान काकूंनी टॉर्च लावून दाखवला, बुजलेला आहे, पण मालवणी म्हणतात तसं दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. तोडेदार, रविवारी ठाण्याला येऊन बघाल का? काका हो म्हणालेत.

तोडेदार
येतो. कोणी हात लावू नका, आणि काकूंना सांगा ब्रासो अजिबात नको. आत जुनी दारू भरलेली असू शकते, तोंड भिंतीकडे करून ठेवा, नळीत गज घालून मी स्वतः खोली मोजेन. भरलेली निघाली तर मी पुढे काही करणार नाही, आधी पोलिसांना फोन.