सिग्नलला गाडी थांबली की एसी गरम, काटाही चढतो : मदत हवी आहे

उन्हाळी_नागपूर :
पेट्रोल हॅचबॅक, ९ वर्षं जुनी, ७८ हजार किलोमीटर. रिंग रोडला ६०च्या पुढे गाडी पळते तेव्हा एसी मस्त थंड. सिग्नलला दोन-तीन मिनिटं थांबलं की जाळीतून कोमट हवा यायला लागते आणि टेम्परेचरचा काटा मधून सरकत पाऊणपर्यंत जातो. गाडी निघाली की पाच मिनिटांत दोन्ही गोष्टी जागेवर. कूलंटची टाकी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये आहे, खाली गळतीचे डाग नाहीत. रेडिएटरचा फॅन फिरतो, काटा वर गेल्यावर जोरात सुरू झालेला पाहिला आहे. गॅरेजमध्ये गॅस भरायला सांगताहेत. आधी घरी काय तपासता येईल?

पाना_१२ :
गॅस आत्ताच भरू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद पाइपांतच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरला तर पैसे पुन्हा हवेत. शिवाय गॅस बराच कमी असता तर ६०च्या वेगालाही एसी 'मस्त थंड' झाला नसता.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. बंपरच्या जाळीतून आत पाहिलंत तर पुढे दिसतो तो एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा), त्याच्या मागे रेडिएटर आणि त्याच्या मागे फॅन. गाडी पळते तेव्हा समोरून वारा मिळतो आणि दोघंही गार होतात. थांबली की वारा ओढायचं काम एकट्या फॅनचं. तो कमी पडला की कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही, गॅसचं प्रेशर वाढतं, एसी कोमट होतो. फार वाढलं तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंदच करतो. मागचा रेडिएटर तीच तापलेली हवा घेतो, म्हणून काटाही चढतो.

फॅन फिरतो हे ठीक, पण कधी फिरतो? सकाळी इंजिन गार असताना गाडी चालू करा, एसी फुल, ब्लोअर फुल. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन हळू वेगाने सुरू व्हायला हवा. काटा पाऊणवर गेल्यावर एकदम जोरात सुरू होत असेल, तर मंद वेग मेलेला आहे असं समजा.

खात्री करायची तर पाण्याची चाचणी करा. गाडी सावलीत उभी, काटा मध्यावर, एसी चालू, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबलेलं. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचा. हवा कोमट झाली की झाडांवर फवारायच्या बाटलीने पुढून कंडेन्सरवर पाणी मारत राहा, बोनेटच्या आत वायरिंगवर नाही. कंडेन्सरवरून वाफ निघेल आणि मिनिट-दोन मिनिटांत थर्मामीटर खाली यायला लागला तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करताहेत, दोष हवेचा आहे. काहीच फरक पडला नाही तर मग गेज (एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणारं मीटर) लावायची वेळ आली.

हात मात्र जपा. इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

घाट_उतार :
वरच्या उत्तराला जोड. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. तिथे धूळ, किडे आणि कापसासारखा लगदा बसतो, तो पुढून दिसत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि कमी जोराने मारा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन जवळून लावलं तर ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद.

टाकीतल्या कूलंटचा रंग बघा. गंजासारखा तांबूस असेल तर कोणीतरी बोअरचं पाणी घातलेलं आहे, क्षार नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. एकाच रंगाची दोन कूलंट एकाच जातीची असतातच असं नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्या. जुनं काढलेलं उघड्यावर ठेवू नका, चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री पितात. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत साधारण १ बारचं जादा प्रेशर असतं, त्यात पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायला सांगितलं तर ऐकू नका. तो बंद स्थितीत अडकला असता तर गाडी हायवेलाही तापली असती. काढल्यावर इंजिन नीट तापत नाही आणि जास्त पेट्रोल खातं.

उन्हाळी_नागपूर :
दोन्ही केलं. गार इंजिनवर एसी लावून पाच मिनिटं थांबलो, फॅन हललाच नाही. पाणी मारल्यावर थर्मामीटर २५ वरून १५ वर आला. काटा पाऊणवर गेल्यावर फॅन फुल वेगाने सुरू झाला. फटीत थोडी धूळ होती, धुतली. आता पुढे?

पाना_१२ :
मग गॅसचा विषय संपला. फॅन फुल वेगाने फिरतो म्हणजे मोटर जिवंत आहे. राहिले मंद वेगाचे तीन संशयित : फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग).

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र असतं. रिलेवर छापलेला नंबर आणि पिनांची संख्या हॉर्नच्या रिलेशी जुळत असेल तर दोन्हींची अदलाबदल करा. फॅन चालला आणि हॉर्न मुका झाला तर उत्तर मिळालं.

तसं नसेल तर रेझिस्टर. मंद वेगाचा करंट त्याच्यातून जातो, जोरातला त्याला वगळून थेट मोटरला. तो बहुधा फॅनच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरच बसवलेला असतो, कारण तो स्वतः तापतो आणि त्याला वारा लागतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर (वायरींचा जोड) सोडवा, मीटर ओहमवर लावा. चांगला असेल तर एक ओहमपेक्षाही कमी दाखवतो, जळालेला असेल तर ओपन, म्हणजे आतली वाट तुटलेली. कपलरची पिन तपकिरी पडून प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर कपलरही बदला, नाहीतर नवा रेझिस्टरही जाईल.

फॅनला दोनऐवजी जाड-बारीक अशा चार वायरी असतील आणि वेग हळूहळू बदलत असेल, तर तिथे रेझिस्टर नाही, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे. त्याला थेट बॅटरी लावू नका.

घाट_उतार :
रेझिस्टरच्या जागी तुकडा वायर जोडून देणारे बरेच भेटतील. त्याने एसी लावताच फॅन पूर्ण जोरात सुरू होईल, पण मोटरचे ब्रश आणि रिले लवकर झिजतील.

रेझिस्टर का जळला तेही बघा. बॅटरी सुटलेली असतानाच फॅन बोटाने फिरवा. सहज एक-दोन फेरे घेऊन थांबला तर ठीक. करकर आवाज आला किंवा लगेच अडकला तर बेअरिंग गेलं आहे, मोटर जादा करंट ओढते आहे, आणि नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही.

उन्हाळी_नागपूर :
रिले ठीक. रेझिस्टर ओपन, कपलर चांगला, फॅन हाताने मोकळा फिरतो. नवा रेझिस्टर मागवतो. तोपर्यंत सिग्नलला काय करू?

पाना_१२ :
लांब सिग्नलला एसी बंद ठेवा, काच उघडा. काटा पाऊणच्या वर गेला तर हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आतून निघून जाते. तरी चढत राहिला तर कडेला घेऊन इंजिन बंद करा.

नवा बसवल्यावर दुपारी उन्हात २० मिनिटं उभी गाडी चालू ठेवून बघा. एसी लावताच फॅन हळू सुरू व्हावा आणि काटा मध्येच राहावा. फॅन चालत असूनही हवा कोमट वाटली तरच गेज लावायला न्या, आणि गॅस भरायचाच झाला तर बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजन करून भरायला सांगा, अंदाजाने नको.