बारापेडे गुहांकडे मंडळाची सहल न्यावी का?

प्रश्न – खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव, कर्नाटक) एक कार्यकर्ता

आमच्या गावातील तरुण मंडळाच्या बैठकीत एक विचार पुढे आला आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांना घेऊन भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांपर्यंत जावे, तेथील दुर्मीळ वटवाघळे त्यांना दाखवावीत आणि परतताना वाटेवरचे प्लॅस्टिक गोळा करून आणावे, असा हा बेत आहे. आपल्या तालुक्यात असे दुर्मीळ जीव आहेत, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसावे याची आम्हांला मनापासून खंत वाटते. मात्र गावातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी या बेताला स्पष्ट विरोध केला असून, गुहेत माणसांनी जाणे हाच त्या प्राण्यांना सर्वांत मोठा धोका आहे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि तसे असेल, तर भीमगडच्या वन्यजीवांसाठी आमच्यासारख्या मंडळाने नेमके काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – वटवाघळांचा अभ्यासक, बेळगाव

त्या ज्येष्ठांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण ही सहल कृपया नेऊ नये.

या गुहांतील वटवाघूळ १९१२ मध्ये प्रथम नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी ऑल्डफील्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून वनखात्यातील अधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर अनेक दशके बारापेडे हेच त्याचे जगातील एकमेव ज्ञात ठिकाण होते. पुढे कंबोडियात आणि मेघालयात त्याच्या नोंदी झाल्या, तरी बारापेडेचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ही प्रजाती एकेकाळी अतिसंकटग्रस्त गणली जात होती आणि नंतर तिची नोंद ‘अपुरी माहिती’ या वर्गात करण्यात आली. या बदलाचा अर्थ धोका टळला असा काही जण लावतात. तसे नाही, आपल्याला या प्राण्याबद्दल फार थोडे ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि जेथे माहिती थोडी तेथे सावधगिरी अधिक हवी.

गुहेत माणसे गेल्याने नेमके काय होते, तेही सांगतो. वटवाघळे दिवसा छताला व कपारींना लटकून विश्रांती घेतात. विजेरीचा झोत, बोलणे, कॅमेऱ्याचा लखलखाट किंवा शेकोटीचा धूर यांमुळे ती दचकून उडतात आणि रात्रभर किडे खाऊन साठवलेली शक्ती अकारण खर्च करतात. पिल्लांच्या काळात असे घडल्यास अंगाला बिलगलेली पिल्ले खाली पडतात. बहुतेक वटवाघळे वर्षाला एकच पिल्लू देत असल्यामुळे ही हानी लवकर भरून येत नाही. असे वारंवार होऊ लागले, तर वसाहत ती जागाच सोडून जाऊ शकते, आणि तसे झाल्यास तिला जाण्यासाठी दुसरी योग्य गुहा जवळपास असेलच याची खात्री कोण देणार?

शिवाय अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. मुलांना माहिती द्यायची असेल, तर ती शाळेत द्यावी. चित्रे दाखवावीत, आणि ही वटवाघळे शेतातील किडे खातात हे समजावून सांगावे. संध्याकाळी गावाच्या पारावर बसूनही इतर जातींची वटवाघळे उडताना पाहता येतात, त्यासाठी गुहेत शिरण्याची गरज नाही.

उत्तर २ – हेम्माडगा भागातील शेतकरी

अभ्यासकांनी लिहिलेले मला मान्य आहे, परंतु भीमगड म्हणजे केवळ एक गुहा नव्हे. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य यांच्यामध्ये हे जंगल आहे. वाघ, अस्वल, कोळसुंदे आणि गवे हे सारे याच सलग रानातून फिरतात. धोका कोठे आहे, असे कोणी विचारले तर मी तारांकडे बोट दाखवीन. भात व ऊस वाचवण्यासाठी काही जण कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह थेट सोडतात आणि त्यात रानडुकराबरोबर गवा, हत्ती, प्रसंगी माणूसही मरतो. सौरकुंपणात मात्र अगदी क्षणभराचा झटका बसतो आणि जनावर मागे फिरते. हा फरक समजावून सांगणारे लोक गावोगाव हवे आहेत.

दुसरी गोष्ट फाशांची. मोटारसायकलच्या क्लचची तार वापरून रानडुकरासाठी फास लावतात, पण फास काय धरायचे ते निवडत नाही. बिबट्या, अस्वल, कोळसुंदा यांपैकी कोणीही त्यात अडकते. खवले मांजराचे तर आणखी वाईट आहे. धोका दिसताच ते अंगाची गुंडाळी करते, आणि बिबट्यापासून वाचवणारी हीच सवय माणसाला त्याला उचलून पिशवीत घालण्यास सोपी ठरते. त्याची खवले आपल्या नखांसारख्याच पदार्थाची असून त्यांत कोणताही औषधी गुण सिद्ध झालेला नाही, तरीही त्यांची तस्करी होते.

तिसरी गोष्ट विषाची. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली. ते ठिकाण आपल्या तालुक्याच्या सीमेपलीकडेच आहे. जनावर मारले गेल्यावर राग येणे मी समजू शकतो, कारण गाय म्हणजे घरच्या चुलीचा आधार असतो. म्हणूनच नुकसानभरपाई वेळेत आणि विनासायास मिळणे हाच वाघ वाचवण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सहलीचा बेत रद्द करावा, असे मी मंडळाला सांगणार आहे. भरपाईच्या बाबतीत मात्र एक अडचण विचारतो. आमच्या भागातील अनेक वृद्ध शेतकरी मराठीच वाचतात आणि वनखात्याचे अर्ज कन्नडमध्ये असतात. त्यामुळे ते अर्जच करत नाहीत. यात मंडळाला काही करता येईल का?

उत्तर ३ – खानापूर येथील एक निवृत्त शिक्षक

हेच काम तुमच्या मंडळाचे असावे. तुमच्यातील बहुतेक तरुणांना दोन्ही भाषा येतात. ज्यांच्या शेताचे किंवा जनावराचे नुकसान झाले आहे, त्यांच्या घरी लगेच जावे, नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत, मेलेले जनावर जागेवरून हलवू देऊ नये आणि वनरक्षकाकडून पंचनामा करून घ्यावा. त्यानंतर जमिनीचा उतारा, आधार कार्ड व बँक पासबुकाच्या प्रती जोडून अर्ज भरून द्यावा. कर्नाटक वनखात्याने यासाठी ‘ई-परिहार’ ही संगणकीय व्यवस्था ठेवली आहे. दाखल केलेल्या अर्जाची पोच अर्जदाराकडेच ठेवावी आणि मंडळाच्या एका वहीत त्याची तारीख लिहावी, म्हणजे पुढे पाठपुरावा करता येतो.

फास किंवा जिवंत वीजतार आढळल्यास स्वतः हात लावू नये. ठिकाण लक्षात ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि कळवणाऱ्याचे नाव गावात बोलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे, हे सांगणारा फलक मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत ग्रामपंचायतीसमोर लावण्याची विनंती पंचायत विकास अधिकाऱ्यांना लेखी करता येईल. अर्जाचा मसुदा हवा असल्यास येथेच कळवा, मी दोन्ही भाषांत लिहून देतो.