पुण्यात कुणी ओव्हरथिंकिंगसाठी थेरपी घेतलीय का? खरंच फरक पडतो?

रात्री_दोनची_गिरणी:
नमस्कार मंडळी, एरवी नुसतं वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. वय ३४, हिंजवडीत टेस्टिंगला आहे, राहायला कर्वेनगर, घरी नवरा, मुलगा आणि सासूबाई. तसं बघायला गेलं तर रडावं असं काहीच नाही, आणि नेमकं हेच मला सगळे ऐकवतात.

प्रॉब्लेम असा की डोक्यातली गिरणी बंदच होत नाही. परवाचंच सांगते. संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज आला, "उद्या सकाळी बोलूया." बास, एवढंच. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या तो मेसेज किती वेळा उघडून बघितला देव जाणे. रोज स्मायली टाकतो, आज का नाही टाकली, मागच्या रिलीजला बग सुटला होता त्याचं काही असेल का, की लेऑफची लिस्ट आलीय, मग होम लोनचा हप्ता कोण भरणार, मग पोराची शाळा बदलायची का, आणि रात्री दोनला मी फोनवर नोकऱ्या शोधत होते. सकाळी कळलं की साहेबांना फक्त माझ्या दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा हव्या होत्या. बरं, हे कळल्यावर तरी सुटायला हवं ना? छे, मग "सुट्टी मागितली म्हणून नाराज झाला असेल का" हे सुरू.

छातीत धडधड, ॲसिडिटी, झोपेचे बारा वाजलेत. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी आणि थायरॉइड केलं, दोन्ही नॉर्मल, म्हणाले टेन्शन घेऊ नका. ते जमत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते हे अगदी ओठांवर आलेलं, गिळलं.

मैत्रीण म्हणते थेरपीला जा. तिथे नक्की होतं काय? नुसतं बोलायचंच असेल तर बहिणीशी रोज तासभर बोलतेच की मी, तेही फुकट. गोळ्या घ्याव्या लागतात का? ऑफिसला कळतं का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, दर शनिवारी कुठे चाललीस याचं सासूबाईंना काय उत्तर देऊ?

पेठेतला_काका:
दीड हजार रुपये तासाला, नुसतं ऐकून घ्यायचे! मी फुकट ऐकतो, चहा मात्र तुमचा. चेष्टा सोडा. सकाळी उठून पर्वती चढा, रात्री नऊनंतर फोन कपाटात ठेवा, आपोआप झोप लागेल. आमच्या वेळीही साहेब लोक असेच होते, पण आम्ही कुणी डोक्याच्या डॉक्टरकडे गेलो नाही.

सिंहगडरोडकर:
काका, पर्वती मी वर्षभर चढलोय. वर जाऊनही तेच विचार, फक्त धाप लागलेली असताना. व्यायामाने फायदा होतो, झोप सुधारते, नाही असं नाही, पण माझं तेवढ्याने भागलं नाही.

ताई, मी गेलोय थेरपीला, सीबीटी म्हणतात ती, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारी, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या सेशनला काही जादू होत नाही, प्रश्नच प्रश्न. एक सात प्रश्नांचा फॉर्म देतात, जीएडी-७, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा बेचैन वाटलं, काळजी थांबवता आली का वगैरे, ० ते २१ मार्क. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट तपासून बघावं असं धरतात. माझे भरपूर आले होते, शाळेत कधी एवढे आले नव्हते.

मग घरचा अभ्यास. हो, वही करावी लागते. कागदावर रकाने पाडायचे: काय घडलं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटतंय, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, आणि आता किती टक्के. तुमचंच घ्या. घडलं काय, तर मेसेज आला. मनात काय, तर नोकरी जाणार, ९० टक्के. बाजूने पुरावा, स्मायली नाही. विरुद्ध, गेल्याच महिन्यात नवीन मॉड्यूल दिलं, अप्रेझल बरं झालं, असे मेसेज आधीही आलेत आणि काही झालेलं नाही. लिहिल्यावर ते ९० शून्यावर येत नाही हां, ५०-४० वर येतं, पण ४० वर माणसाला झोप लागू शकते. आणि हे मनातल्या मनात करून चालत नाही, पेनाने लिहावं लागतं. मनातल्या मनात केलं की तोही एक ओव्हरथिंकिंगचाच प्रकार होऊन बसतो.

माझ्या बाबतीत खरा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला. मला सवय होती बायकोला विचारायची, "मी मीटिंगमध्ये बोललो ते ठीक होतं ना?" ती म्हणायची हो, दहा मिनिटं बरं वाटायचं, की परत. थेरपिस्टनी सांगितलं हे विचारणं बंद करायचं, आणि बायकोलाही सांगून ठेवलं की उत्तर द्यायचं नाही. पहिला आठवडा घरात तलवारी निघाल्या होत्या. मग पुढचा अभ्यास, मेल एकदाच वाचून पाठवायचा, परत सेंटमध्ये जाऊन बघायचं नाही. त्यानंतर तर मुद्दाम एक स्पेलिंग चुकवून टीममधल्या एकाला मेल करायला लावला. हात थरथरत होते राव. त्याचं उत्तर आलं, "ओके." झालं, संपलं.

अजून एक, काळजीची वेळ ठरवून द्यायची. माझी साडेसहा ते सात, बाल्कनीतल्या खुर्चीत, बेडवर अजिबात नाही. दिवसभरात काही आलं की दोन शब्दात टिपून ठेवायचं आणि साडेसहाला बघू म्हणायचं. साडेसहाला वही उघडली की निम्म्या गोष्टी वाचून हसू येतं, उरलेल्यातल्या एखाद्या गोष्टीचं खरंच काहीतरी करावं लागतं, ते तेव्हा करायचं.

शनिवारची_ओपीडी:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडेच या असं म्हणत नाहीये, कृपया व्यनि (खाजगी मेसेज) करू नका.

वर सिंहगडरोडकरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, काळजीची वेळ ठरवण्याची पद्धत बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली, आजही वापरतात. विचार दाबत का नाही बसायचं, तर १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्यामुळे "नको विचार करूस" हा सल्ला कितीही प्रेमाने दिला तरी फुकट जातो, तुमच्या डॉक्टरांचाही.

बहिणीशी बोलणं आणि थेरपी यात फरक काय? बहीण प्रेमापोटी म्हणते, "अगं काही होणार नाही." तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बरं वाटायचं तर बहिणीला फोन लावावा लागतो. पुढच्या वेळी ओढ अजून जास्त. तुम्ही रात्री दोनला नोकऱ्या शोधत होता ना, तेही तेच. मेसेज परत परत उघडणं, गूगल करणं, फोन लावणं, ही सगळी खात्री मिळवायची धडपड आहे आणि काळजी त्याच्यावरच पोसली जाते. थेरपीत आम्ही "काही होणार नाही" असं सांगत नाही, कारण ते आम्हालाही माहीत नसतं. उद्या सकाळपर्यंत काय ते कळणार नाही, आणि तसंच जेवायचं, पोराला गोष्ट सांगायची, झोपायचं, याचा सराव करून घेतो. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, बरेच जण तिथेच सोडतात. सोडू नका, थेरपिस्टला सांगा.

आपल्याकडे या पद्धतीची ओळख तशी जुनी आहे. ॲरन बेक यांनी सीबीटी १९६० च्या दशकात अमेरिकेत मांडली, त्याआधी १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी, म्हणजे आज जिला रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात ती. ती आरईबीटी महाराष्ट्रात आणली कि. मो. फडके यांनी, विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने. एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं की "नोकरी टिकावी" ही इच्छा ठीक, पण "नोकरी टिकलीच पाहिजे, नाहीतर मी संपले" हा हट्ट झाला, आणि छळतो तो हट्ट. गिरणीताईंच्या पोस्टमध्ये स्मायलीपासून शाळेपर्यंतचा जो प्रवास आहे तो या हट्टाच्याच जोरावर झालाय.

आता बाकीच्या प्रश्नांची उत्तरं भराभर देते. साधारण १२ ते १५ सेशन लागतात, आठवड्याला एक, कुणाला कमी कुणाला जास्त. गोळ्या प्रत्येकाला लागतातच असं नाही. त्या फक्त डॉक्टर, म्हणजे सायकियाट्रिस्ट वगैरे, लिहून देऊ शकतात, आम्ही नाही. एस्सिटॅलोप्रामसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. मेडिकलवाल्याच्या ओळखीने क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी आणून खाणारे पुण्यात कमी नाहीत, त्याची सवय लागते, तो उद्योग करू नका. जाताना माणसाचं शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला लाजू नका. ऑफिसला कळायचा प्रश्न येत नाही, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टनुसार गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तर वगैरे अपवाद आहेत. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं असंही आहे, पण ओपीडीचं सेशन बऱ्याच पॉलिसीत बसत नाही, तेव्हा आपली पॉलिसी आधी वाचा.

लायब्ररीतला_कोपरा:
एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत रूमवर असतो, दीड हजाराचं सेशन आमच्या बजेटमध्ये नाही, महिन्याची मेसच त्याच्या दुप्पट. माझ्यासारख्यांसाठी लिहितो. ससून या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून जाता येतं. गर्दी असते, लवकर जा, सोबत अभ्यासाचं काहीतरी घेऊन जा. आणि १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. प्रिलिमचा कटऑफ लागला त्या रात्री मी लावला होता. समोरच्या बाईंनी "अजून खूप अटेम्प्ट आहेत" असं काही म्हटलं नाही याचं फार बरं वाटलं, आधी जेवलास का विचारलं.

अजून एक सांगायचं म्हणजे पहिला थेरपिस्ट पटला नाही तर बदला. माझ्या रूममेटला एकाने कुंडली आणायला सांगितली होती, वर स्वतःच्या मुलाच्या अमेरिकेच्या ॲडमिशनवर अर्धा तास. फी पूर्ण.

बाणेरची_बाल्कनी:
जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका. प्रत्येक काळजी म्हणजे काही आजार नसतो. माझ्या आधीच्या कंपनीत खरोखरच दर तिमाहीला माणसं काढायचे, रात्री अकराला कॉल, आणि मी रकाने भरत बसले होते की पुरावा काय. पुरावा भरपूर होता! थेरपिस्ट चांगल्या होत्या म्हणून त्यांनीच एक दिवस वही बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, आता रेझ्युमे काढूया. नोकरी बदलल्यावर निम्मं ओझं तिथेच उतरलं. उरलेलं निम्मं माझं स्वतःचं होतं, ते नवीन ऑफिसलाही माझ्याबरोबर आलं, त्यासाठी मग वही.

पेठेतला_काका:
वाचलं सगळं. अस्वलाचं पटलं, सकाळपासून तेच दिसतंय. बाकी फीबद्दल माझं मत कायम आहे. फडक्यांचं मराठीत काही मिळत असेल तर सांगा, अप्पा बळवंत चौकात जाणारच आहे.

शनिवारची_ओपीडी:
काका, मिळतं. दुकानात फडक्यांचं नाव सांगा. पुस्तकांनी काहींचं भागतं, पण झोप, जेवण, काम यावर परिणाम व्हायला लागला असेल तर माणसाला भेटावं. आणि मरणाचे विचार येत असतील तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल किंवा १४४१६.

रात्री_दोनची_गिरणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीचं वाचून चरकलेच, कारण इथे पोस्ट टाकल्यावर लगेच तिलाच फोन केला होता, "बरं लिहिलंय ना?" विचारायला.

तेवढं सासूबाईंचं राहिलं हो.

सिंहगडरोडकर:
मी आईला फिजिओथेरपी म्हणून सांगितलं होतं. मग ती रोज पाठीला तेल लावून द्यायची. तुम्ही ते करू नका.

शनिवारची_ओपीडी:
झोप लागत नाही त्यासाठी डॉक्टरांकडे जाते, एवढं सांगा. खोटंही नाही, आणि रात्री दोनला स्वयंपाकघरातला दिवा चालू असतो हे त्यांना माहीत असणारच.

रात्री_दोनची_गिरणी:
माहीत आहे, परवा विचारलंही त्यांनी. ठीक आहे, असंच सांगते.

अपॉइंटमेंट घेतली, शनिवारी ११ ची, कोथरूडमध्ये, नोंदणी क्रमांकही विचारला, त्यांनी न चिडता सांगितला. आता तिथे जाऊन कुठून सुरुवात करायची, काय आधी बोलायचं, त्यांना मी नाटकी वाटेन का, याची रिहर्सल चालू झालीय.

शनिवारची_ओपीडी:
ती रिहर्सलच सांगा, तिथूनच सुरुवात करा. ईसीजी आणि थायरॉइडचे रिपोर्ट सोबत न्या, आणि दिवसाला चहा-कॉफी किती होते ते खरं सांगा.