सही केली की कायमचं ठेवता येतं?

मनोरुग्णालयात घरच्यांनी सही केली की रुग्णाला हवं तितकं ठेवता येतं, असं म्हटलं जातं. आता तसं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे, प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या, बहुधा घरच्याच माणसाच्या) अर्जावर दाखल करताना दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मंडळाला (अशा दाखल्यांचा आढावा घेणारं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ) कळवायचं ते बाईमाणूस असेल तर ३ दिवसांत, पुरुष असेल तर ७. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९०, तेही मंडळाच्या परवानगीनेच.

खरं घोडं अडतं ते घरी सोडताना. दाखल करताना दिलेला फोन लागत नाही, पत्ता जुना निघतो आणि बरा झालेला माणूस वॉर्डातच राहतो. कलम १९ म्हणतं, केवळ घर नाही म्हणून कुणाला ठेवू नका. पण पुनर्वसनगृहंच पुरेशी नाहीत. निदान सोडतानाच्या कागदावर गोळ्यांची नावं, मात्रा आणि पुढची तारीख लिहून घ्याच.