अबखाझ लोक आणि त्यांचं नाव: थोडी माहिती हवी आहे

नकाशावेडा:
सध्या जॉर्जियाचा इतिहास वाचतोय, त्यात अबखाझ लोक सारखे येतात. त्यांची भाषा म्हणजे जॉर्जियनचीच बोली का? आणि हे नाव आलं कुठून? एके ठिकाणी 'आप्सुआ' असं वाचलं, ते हेच का वेगळे?

काळासमुद्र:
हेच. ते स्वतःला आप्सुआ म्हणतात आणि आपल्या प्रदेशाला, म्हणजे अबखाझियाला, आप्स्नी. अबखाझ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, जॉर्जियनमधलं 'आप्खाझी', तिथून रशियनमध्ये आणि मग सगळीकडे. पण दोन्हींची मुळं जुनी आहेत, रोमन काळातले लेखक काळ्या समुद्राच्या या किनाऱ्यावर अबास्गोई आणि आप्सिलाई अशा दोन शेजारच्या जमाती सांगतात, पहिलीचा संबंध अबखाझ नावाशी लावतात, दुसरीचा आप्सुआशी. आप्स्नी म्हणजे 'आत्म्याची भूमी' असं टुरिझमवाले सांगतात, त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाहीये.

व्यंजनप्रेमी:
बोली अजिबात नाही, कृपया असं कोणी लिहू नका. जॉर्जियन कार्टवेली भाषाकुळातली, अबखाझ वायव्य कॉकेशियन, म्हणजे अबाझा, अदिघे, काबार्डियन यांची नातेवाईक. उबिखही याच कुळातली, ती बोलणारे शेवटचे गृहस्थ तेवफिक एसेंच १९९२ मध्ये तुर्कस्तानात वारले आणि भाषा संपली. प्रमाण अबखाझमध्ये ५८ व्यंजनं आणि स्वर धरतात फक्त दोन, अबखाझच्याच बझिप बोलीत तर व्यंजनं आणखी जास्त! क्रियापद पण जबरदस्त, कोणी, कोणाला, कोणासाठी हे सगळं त्या एकाच शब्दात बसवतात.

काळासमुद्र:
आणि लिपीचे हाल बघा. १८६२ ला उस्लार या रशियन अभ्यासकाने सिरिलिकवरून (रशियन लिपीवरून) वर्णमाला केली, १९२० च्या दशकात निकोलाय मार या भाषाशास्त्रज्ञाची वेगळीच आली, मग लॅटिन, १९३८ ला जॉर्जियन लिपी, स्टालिन गेल्यावर १९५४ ला परत सिरिलिक. मधल्या काळात अबखाझ शाळाही बंद करून मुलांना जॉर्जियनमधून शिकायला लावलं. आजोबांचं पुस्तक नातवाला वाचता येऊ नये इतकी उलथापालथ, फार वाईट वाटतं.

नकाशावेडा:
बापरे, खूप धन्यवाद दोघांनाही. पण अबखाझ तुर्कस्तानातही आहेत ना?

व्यंजनप्रेमी:
हो, भरपूर. १८६४ नंतर आणि परत १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धानंतर रशियाच्या दडपणामुळे हजारो लोक, त्यात मुसलमान जास्त, समुद्र ओलांडून ऑटोमन मुलखात गेले. तुर्कस्तानातल्या दुझ्जे, साकार्या भागात त्यांची गावं अजून आहेत, पण तिथली तरुण पोरं आता बहुतेक तुर्कीच बोलतात.